निळ्या रंगाखालचं लोखंड

सपनाच्या नखांतला काळा मळ साबणानं निघत नसे, रॉकेलनंही निघत नसे, आणि करुणाच्या जिवाला त्याचाच घोर. ती स्वतः हिंगोलीला राहून बी. ए. झालेली. लेकीनं डी. एड. करून शाळेत शिकवावं, एवढीच तिची इच्छा होती. सपनानं मात्र आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतला. वर्गात एकटीच मुलगी. रोज सकाळी ती डोंगरकड्याहून एस. टी.नं निघाली की गाडी दिसेनाशी होईपर्यंत करुणा फाट्यावर उभी राही.

हा नाद पोरीला बापाकडून लागलेला. भीमराज जीपनं सवाऱ्या कळमनुरीला न्यायचा. चिमुकली सपना त्याच्या शेजारी डोळे मिटून बसायची आणि गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायची. सवाऱ्या हसत. भीमराज मात्र मागं वळून सगळ्यांकडे बघून घेई.

दोन हजार दोनच्या जयंतीला मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो भीमराजच्या जीपवर ठेवायचं ठरलं. वस्तीत यापरता मोठा मान नव्हता. भीमराजनं बॉनेट उघडून, हात पोचेल तिथं सगळं उकलून जीपला आतून-बाहेरून निळा रंग दिला. आणि त्यानंतर गाडी चालू करणारा सेल्फ रुसला. किल्ली फिरवली की म्हाताऱ्या माणसानं कण्हावं तसा आवाज, आणि पुढं काही नाही. बॅटरी चार्ज करून आणली, तरी तेच. धक्का दिला तरच गाडी चालू होई.

जयंतीच्या सकाळी जयंती कमिटीचे जळबा अंगणात आले. भीमराज घामाघूम होऊन किल्ली फिरवत होता.

"काय भीमराज, मिरवणूक काढून राहिलो का गाडी ढकलायची शर्यत?" जळबा म्हणाले. "दर चौकात थांबावं लागतंय. दर वेळी धक्का द्यायचा काय? दुपारपर्यंत बघतो. न्हाईतर फोटो माझ्या ट्रॅक्टरवर."

आतून सपना नट-बोल्टचे पाने घेऊन बाहेर आली.

"मामा, ट्रॅक्टर धुऊ नका. पाणी वाया जाईल."

"लई बोलती व्हय पोरगी!" जळबा हसत निघून गेले. करुणा हातातलं काम टाकून बाहेर आली. ह्या पोरीनं चारचौघांत शब्द दिला. आता जमलं नाही तर? वस्ती वर्षभर टोमणे मारील.

"आई, समोर उभी राहा. मी दिवा लावून किल्ली फिरवते, तू पुढच्या दिव्याकडं बघ. मंद होतो का सांग."

सेल्फ कण्हला. "नाही गं, तसाच आहे," करुणा म्हणाली.

"मग बॅटरीत दम हाय." सपनानं एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला धरलं. ठिणगी उडाली तशी करुणा ओरडलीच. "बाबा, मारा आता!"

भीमराजनं किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात धडधडलं. गाडी बंद करून वायर काढली, पुन्हा किल्ली मारली. पुन्हा कण्हणं.

"बाबा, रंग देताना इंजिनपासून चासीच्या सांगाड्याला येणारी अर्थिंगची पट्टी सोडली होती का?"

"व्हय. खाली नीट रंग मारला, वाळू दिला, मंग पट्टी पुन्हा कसली. काहून?"

"तिथंच घोटाळा. करंट सेल्फपर्यंत जातो, पण बॅटरीकडं माघारी यायची वाट रंगानं बंद झालीय. थोडा रंग खरवडावा लागंल."

भीमराजचा चेहरा उतरला. "आज? जयंतीच्या दिवशी निळा रंग खरवडायचा? न्हाई, लेकरा."

करुणालाही कसंसंच झालं. पण गाडीखाली शिरलेली सपना तिथूनच बापाकडं बघत होती, ना हट्टानं ना रागानं. "बाबा, तिथं कोणाची नजर जात न्हाई. आणि गाडी स्वतःच्या पायानं चालली तरच त्या रंगाची शान हाय."

भीमराजनं निळ्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं स्वतः पॉलिश पेपरचा तुकडा काढून दिला. सपनानं पट्टी सोडली, बोल्टच्या जागेपुरता रंग घासला. खालचं लोखंड चकाकलं. पट्टीचं टोकही घासून, बोल्ट घट्ट आवळून तिनं वरून ग्रीस लावलं. किल्ली फिरताच इंजिन चालू झालं.

संध्याकाळी फोटो जीपवर होता. मोठ्या चौकात मिरवणूक थांबली. जीपच्या धुरानं बायका खोकू लागल्या तेव्हा जळबांनी हातानं गाडी बंद करायची खूण केली. भीमराजनं गाडी बंद केली. गर्दी एवढी, धक्का द्यायलासुद्धा जागा नाही. करुणा लेकीला शोधू लागली.

सपना पुढं लेझीम खेळत होती, पांढऱ्या साडीत, घामानं भिजलेली.

जळबांनी पुढं निघायचा इशारा केला. भीमराजनं किल्लीला हात घातला. करुणाची नजर सपनावरच होती. मागं जीप धडधडली, "जय भीम"चा गजर उठला, पण सपनानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाऊल चुकू न देता ती पुढं सरकली.

"कोणाची पोरगी गं ती, पुढची?" शेजारच्या गावाहून आलेल्या एका बाईनं विचारलं.

"माझी," करुणा म्हणाली. "मेकॅनिक आहे."