कफीलचं रिव्हॉल्वर आणि मी निवडलेल्या गोळ्या

“गोळी नळीत अडकता कामा नये,” मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि जब्बारभाईने तिसऱ्यांदा कपाळाला हात लावला.

सौदीतल्या ताइफमधलं बंदुकांचं दुकान. जब्बारभाई तिथला हैदराबादी कारागीर, तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करणारा. मी रत्नागिरीकडची, शाळेची पायरी न चढलेली, जाहिरातींच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेली म्हातारी. दोघांत शहाणं कोण? मला तरी त्या दिवशी शंका नव्हती. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. नासिर सांगतो तेव्हा फार मीठमसाला लावतो.

नासिर माझा मुलगा, मी इथे त्याच्याकडेच राहते. अबू फहद त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो इथे नोकरी करतो तो मालक, ताइफचा गुलाबमळेवाला. त्याच्याकडे आजोबांचं मोठ्या तोंडाचं जुनं रिव्हॉल्वर. शुक्रवारी मळ्यात मेहुण्याशी नेमबाजीची पैज लागलेली. कफील जिंकून खुशीत आला की नासिर महिन्याची रजा मागणार होता, गावी त्याच्या मुलीचा निकाह होता म्हणून. आणि ह्या शहाण्याने कफीलला सांगून ठेवलं, माझी अम्मा शिकाऱ्याची मुलगी, गोळ्यांतलं तिला विचारा.

खोटं नव्हतं हो. अब्बांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. चुलीवर पळीत शिसं वितळवून साच्यात ओतायचं काम माझं. ती गोळी नळीच्या तोंडातून आत सोडतात. जी सरकली नाही, ती अब्बा परत पळीत टाकायला लावत.

म्हणून गुरुवारी मी दुकानात काय केलं? रिकामं रिव्हॉल्वर उभं धरलं आणि ओतीव शिशाची एकेक गोळी नळीत सोडून पाहिली. जी खळकन आरपार गेली ती पास. जी अडली ती नापास.

जब्बारभाई पेटला. ह्यात गोळी मागून भरतात, ती नळीला घट्ट धरून फिरत गेली पाहिजे, केसभर जाडच हवी, असं तो परोपरीनं सांगत होता. शेवटी म्हणाला, “अम्मा, ये तुम्हारे गाँव की बंदूक नै है.”

गाव काढलं माझं! मग मी ऐकते होय? त्याला सांगितलं, तू जन्मायच्या आधीपासून माझ्या हाताला शिशाचे चटके आहेत. सोबत आलेल्या अबू फहदने माझीच बाजू घेतली. जब्बारभाईने माझ्या सडपातळ गोळ्या काडतुसांत भरून दिल्या.

शुक्रवारी वीस पावलांवर तेलाचा रिकामा डबा ठेवला. पहिली गोळी मातीत. दुसरी, तिसरी कुठे गेल्या अल्लाला माहीत. चौथी बाजूच्या पाण्याच्या टाकीला लागली, तीही आडवी. मेहुणा पोट धरून खाली बसला.

अबू फहदचा चेहरा गुलाबी नव्हे, जांभळा झाला. त्याने जब्बारभाईला मळ्यावर बोलावून घेतलं. आणि मी? मीच आधी तोंड सोडलं. खोटा माल दिलास, दारू कमी भरलीस, मुद्दाम केलंस. नासिर माझा पदर ओढत होता. मी त्यालाही झापलं.

जब्बारभाईने नळी उजेडाकडे धरली, माझ्या सैल गोळ्यांनी आत माखलेलं शिसं खरवडून अबू फहदच्या तळहातावर ठेवलं. कफील त्याकडे बघेचना. म्हणाला, उद्यापासून तुझ्या दुकानाची पायरी मी चढणार नाही, माझे भाऊही नाहीत. मग नासिरकडे वळला. “आणि तू सकाळपासून काहीतरी मागायला घुटमळतोयस. काय ते?”

जब्बारभाई आपली अवजारं गुंडाळायला लागला. माझा राग अजून उतरला नव्हता, फक्त कोणावर काढायचा ते आता कळलं होतं. टीव्ही बघून शिकलेल्या माझ्या मोडक्या अरबीत मी म्हणाले:

“अबू फहद, मी रिव्हॉल्वर आयुष्यात काल पहिल्यांदा पाहिलं, चूक ह्याची नाही, माझी आहे, तेव्हा ह्याचं दुकान सोडू नका, नासिरला रजा द्या, आणि कुणाला हाकलायचंच असेल तर मला ह्याच महिन्यात गावी हाकला, नातीचं लग्न आहे.”