मधली भिंत कशाची?

या ग्रुपवरचे असले अनुभव मी जेवणानंतर करमणूक म्हणून वाचायचे. आमच्या घरात अंगारे-धुपारे, भूतखेत कधी चाललं नाही... सासऱ्यांनी चालूच दिलं नाही. त्यामुळं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावची. घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे – दाखले, परीक्षेचे अर्ज, झेरॉक्स. काम वाढलं म्हणून मधल्या खोलीतही कॉम्प्युटर लावले, पण तिथं वायफाय पोचेचना. फॉर्म अर्ध्यात अडकला की गिऱ्हाईक उठून दुसऱ्या केंद्रात. मिस्टर पुण्याला नोकरीला. ते फोनवर म्हणायचे, "बंद कर ना ते. किती जीव काढशील?"

कारण मामांचंही, म्हणजे सासऱ्यांचंही, मलाच बघावं लागतं. आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "अं... अं..." एवढाच आवाज. त्यांचं अंग पुसा, भरवा, मग केंद्र उघडा. रात्री पाठ टेकली की सकाळच व्हायची.

शेवटी एक दिवस केंद्र बंद ठेवून एसटीनं धाराशिवला गेले. दुकानदारानं काउंटरवर राउटरची खोकी मांडली – दोन अँटेनाचा, चार अँटेनाचा, ड्युअल बँड... मला सगळे सारखेच दिसत होते. मग त्यानं विचारलं, "ताई, मधली भिंत विटेची का दगडाची?"

मला कुठं माहीत! गिलावा अन् रंग दिलेली भिंत. घरी ठेवलेल्या केंद्राच्या मोबाईलवर फोन लावला. म्हटलं, आत्या उचलतील – आत्या म्हणजे सासूबाई.

"हां, बोल सुनंदा."

"मामा, मधली भिंत कशाची आहे?"

"दगडाची हाय. त्यातनं काय पलीकडं जायचं न्हाय. कॅलेंडरमागं झरोका हाय बघ, बुजवलेला. तो उघड."

शांत, नेहमीचा आवाज. बाहेर रिक्षांचा गोंगाट, डोकं ठणकत होतं... उत्तर मिळालं एवढंच मला कळलं. मी ते दुकानदाराला सांगितलं. त्यानं मोठं खोकं परत फळीवर ठेवलं. "मग हा महागाचा घेऊन उपयोग न्हाय. झरोक्यातनं वायर काढा, अन् एक साधा राउटर तिकडं बसवा."

फोन अजून कानालाच होता. मामा म्हणाले, "सुनंदा, आणिक एक सांगायचंय तुला –" आणि कट झाला. परत लावला, तर नुसती रिंग.

खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसले. गाडी शहराबाहेर पडली, वारा लागला, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला... मामा तर बोलत नाहीत.

घरी पोचले तेव्हा आत्या ओसरीवर धान्य निवडत होत्या.

"आत्या, फोन कुणी उचलला?"

"कुणी न्हाय गं. मी दळण आणाया गेल्ते. का?"

मोबाईल मी ठेवला होता तिथंच, पुढच्या खोलीत टेबलावर. मामा शेवटच्या खोलीत, खाटेवर. त्यांना कूस बदलायलाही माणूस लागतं. माझा कॉल मात्र उचललेला दिसत होता – दोन्ही मोबाईलमध्ये.

कॅलेंडर काढून भिंत ठोकली. एका जागी पोकळ आवाज आला. आत्या उठून आल्या. "अगं, तू लग्न होऊन यायच्या लई आधी बुजवलाय तो. तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं झरोका उघडला, वायर पलीकडं गेली. आता दोन्ही खोल्यांत नेट व्यवस्थित चालतं, केंद्रही चालतं. मिस्टर म्हणतात, दमून भास झाला. पण भासाला झरोका कसा माहीत? डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, गेलेली वाचा अशी घटकाभर येऊन परत जात नसते.

धाराशिवहून आले त्याच दिवशी मामांजवळ बसून विचारलं होतं, "तुम्हीच बोललात ना? काय सांगायचं होतं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. "अं... अं..." मग डाव्या हातानं माझा हात धरला.

फोनवर कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणी समजावून सांगावं असंही आता वाटत नाही, दमले मी त्याला. पण भरवताना मामांचे ओठ जरा हलले की माझा हात घासासकट थांबतो... आणि मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेते.