हेल्मुटच्या खोक्याची चोवीस दारं

एकटी माणसं एका गेस्ट हाऊसमध्ये राहायला लागली, की किस्से आपोआप साचतात. संध्याकाळी दुसरं करायला असतंच काय हो?

दोन हजार सालच्या आसपास मी माजरीच्या खाणीवर इंजिनिअर होतो. बायकोची नोकरी नागपूरला, म्हणून मी गेस्ट हाऊसला. शेजारच्या खोलीत हेल्मुट. नवीन मशीन बसवायला जर्मनीहून आलेला, साठीच्या घरातला, भला उंच माणूस. आमचे फिटर देवतळेभाऊ क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे, त्यामुळे ड्यूटी सुटली की तेही आमच्या व्हरांड्यात. स्वयंपाकाला सुमनबाई. झालं आमचं गाव!

नोव्हेंबरच्या शेवटी मशीनच्या स्पेअर पार्टबरोबर हेल्मुटचं एक लाकडी खोकं आलं. त्याला छोटी छोटी चोवीस दारं, दारांवर आकडे. एक डिसेंबरपासून रोज एक दार उघडायचं, नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचं. तिकडची पद्धतच आहे म्हणे. मुलांच्या खोक्यात चॉकलेटं असतात, याच्यात बियर! लेकीनं स्वतः बनवून पाठवलं होतं.

आम्ही सकाळी बघतो तर खोक्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल!

देवतळेभाऊ ओरडले, "अवो बाई, त्याच्यात बियर हाये!"

सुमनबाईंनी पदर सावरला. "असन. पन दारं त देवघराचीच हायेत ना?"

हेल्मुटनं ते फूल महिनाभर हलू दिलं नाही. सुकून पार काळं पडलं, तरी तिथंच.

•

पहिल्या दिवशीची बियर भयंकर कडू. हेल्मुट तिघांच्या ग्लासात सारखी ओतून आमच्या तोंडाकडे बघत बसला. मी "व्हेरी गुड" म्हणालो. देवतळेभाऊंनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"साहेब, याच्यात कडुनिंब घालून राह्यले का हे लोक?"

हेल्मुटनं विचारलं, "व्हॉट ही सेज?"

मी म्हणालो, "औषधासारखी लागते म्हणतात."

"या, या! मेडिसिन!" हेल्मुट एवढा खूश झाला, की स्वतःच्या ग्लासातली अर्धी त्यांच्या ग्लासात ओतली!

•

तीन माणसांत एक बाटली. देवतळेभाऊंना ते पटेचना.

"साहेब, त्याले सांगा, आजच सगळी दारं उघडू. मोकळं होऊन जाऊ!"

मी सांगितलं. हेल्मुटनं जोरात मान हलवली. "नो, नो. टुमॉरो."

"उद्या काऊन? उद्या काय वेगळी लागते?"

हेल्मुटनं उघडलेलं दार बोटानं लावलं. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आज सगळी संपली, तर उद्या तुम्ही कशाला याल?"

मी भाषांतर केलं. देवतळेभाऊंनी ग्लास खाली ठेवला, म्हणाले, "त्याले म्हना, उद्या चिवडा आनतो."

•

एके दिवशी धुरावर भाजलेल्या धान्याची बियर निघाली. बाटली उघडताच वास सुटला. हेल्मुट म्हणाला, आमच्याकडे ही फार नावाजलेली. बाहेर क्वार्टरांपुढे कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, सगळीकडे धूर.

देवतळेभाऊंनी आधी ग्लास हुंगला, मग हवा हुंगली.

"साहेब, याले जर्मनीहून काऊन मागवली? हे त माजरीतच बनते!"

•

एका रविवारी आम्ही मार्कंड्याला गेलो. निघताना हेल्मुटनं त्या दिवशीची बाटली पिशवीत घेतली होती. वैनगंगेच्या काठावर बसून प्यायचा बेत! तिकडे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हटल्यावर निमूटपणे परत खोक्यात नेऊन ठेवली. दिवसभर देवळातली शिल्पं बघत हिंडला. नदीवर एक कुटुंब जाळं ओढत होतं, लेकरं पाण्यात उड्या मारत होती. हेल्मुट त्यांच्याकडे बघत बसला तो बसलाच. परतीच्या वाटेवर आमची जीप बिघडली, घरी पोचेपर्यंत तारीख उलटली. ते दार त्यानं पुन्हा उघडलंच नाही. ज्या दिवसाचं त्या दिवशी!

देवतळेभाऊ म्हणाले, "मार्कंड्याले जाऊन उपास घडला. गोऱ्याले पुन्य लागलं!"

•

चोवीस तारखेला शेवटची बियर जेमतेम चाखून हेल्मुट उठला. लेकीला फोन करायचा होता. आम्ही तिघं बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो. तो काचेच्या दाराआड, मी आणि देवतळेभाऊ बाहेर बाकावर, गल्ल्यावर बूथवाल्या बाई.

चांगला पाऊण तास बोलला! मोठ्यानं हसला, हातवारे केले, एक गाणंसुद्धा म्हटलं. बाहेर आला तेव्हा चेहरा लाल.

"ऑल इज गुड! खूप बर्फ पडलाय म्हणे!" असं म्हणून रुमालानं नाक पुसत रस्त्याला लागला.

मी बाईंना बिल विचारलं.

त्या हळूच म्हणाल्या, "कायचं बिल, भाऊ? लाईन लागलीच कुठी होती?"

मी देवतळेभाऊंकडे बघितलं. बायको वारल्यापासून हा माणूस बूथमध्ये गेलेला मला तरी माहीत नव्हता. फोन करायला त्यांना कुणी नव्हतंच. ते बाकावरून उठले, पायातल्या चपला दाराशी काढल्या, आत गेले आणि रिसीव्हर उचलला.

बाईंनी विचारलं, "नंबर सांगा, भाऊ."

"राहू द्या," देवतळेभाऊ म्हणाले आणि काचेचं दार ओढून घेतलं. "तशीच राहू द्या लाईन."