हरणांच्या हंगामात बिगफूट

“जाकीट काढ त्ये, वेंडेल. सहलीची बस यायची येळ झाली.”

“बाई, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय. गोळी लागंल म्हून नारिंगी जाकिटाबिगर गावातलं कुत्रंबी रानाकडं जात न्हाई. आन् मी तर डोस्क्यापासनं पायापतुर केसाळ.”

“फोटूत नारिंगी दिसतंय. मागच्या बसवाल्यांनी तक्रार केली.”

ओपलबाईचं दुकान उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, रानाला अगदी चिकटून. लाकडाची गिरणी बुडाली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, वेंडेल तिच्या दारात बिगफूटचं, म्हणजे तिकडच्या रानात फिरतो म्हणतात त्या केसाळ रानमाणसाचं, सोंग घेऊन बसायचा. बसायचा कसला, खुर्चीत लोळायचा, आणि लोळता लोळता देशाचा इतिहास सांगायचा, जणू सगळं आपणच झाडाआडून बघितलंय. सोनं हुडकणारे आले, अस्वलांचा फडशा पडला, आगगाडी आली. “अस्वल भांडाय गेलं, मेलं. म्या झोपलो हुतो, म्हून उरलो,” असं जांभई देत म्हणाला की माणसं पोट धरून हसायची. हिवाळ्यात दुकान बंद झालं की हेच सोंग घेऊन तो ओरेगॉन, नेवाडातल्या जत्रा हिंडायचा.

गेल्या हंगामात गावातल्या रॉय्सनं त्याला हरीण समजून गोळी घातली. मांडीचा लचका गेला आणि वेंडेल लंगडा झाला. रॉय्सनं बिअरचे बारा डबे आणून माफी मागितली. गाव मात्र महिनाभर हसत होतं, इतकी वर्षं कुणाला न गावलेला बिगफूट शेवटी रॉय्सला गावला म्हणून.

तोच रॉय्स आता कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता.

जाकीट नाही तर नाही, निदान सोंगाच्या मांडीवरचं भोक तरी शिवून द्या, असं वेंडेल म्हणाला. बाईनं मान हलवली. त्या भोकापायीच तर बस थांबत होती. लोक त्यात बोट घालून फोटो काढायचे.

“दुसरी मांडी मोकळीच हाय की,” रॉय्स म्हणाला.

बाई हसली नाही. तिनं त्याच्या सोंगाच्या दुसऱ्या मांडीकडं बघितलं, भिंतीवर तसबीर कुठं टांगावी हे बघतात तसं. वेंडेलनं ती मांडी पंज्यानं झाकली.

“तुला जमत नसंल तर रॉय्सचा भाऊ रिकामाच हाय,” ती म्हणाली.

एकसष्टीच्या लंगड्याला त्या डोंगरात दुसरं कोण कामाला ठेवणार? त्यानं जाकीट काढलं, बाईनं ते संध्याकाळपर्यंत कपाटात कुलूपबंद केलं.

बस आली. चाळीस म्हातारे-कोतारे त्याच्याभोवती गोळा झाले. एवढी माणसं भोवती असताना कुणी गोळी घालणार नाही, हे वेंडेलच्या ध्यानात आलं. एरवी वीस मिनिटांत इतिहास उरकून डोळे मिटणारा हा गडी त्या दिवशी थांबेचना. सोनं झालं, अस्वलं झाली, आगगाडी झाली. ड्रायव्हरनं भोंगा दिला तसं त्यानं गुलामगिरीवरून झालेलं यादवी युद्ध काढलं. ते पार देशाच्या दुसऱ्या टोकाला झालं होतं, पण त्यानं तेही झाडाआडून बघितलेलं निघालं. माणसं दोन-दोन करून बसकडं सरकली. शेवटी भोकात बोट घातलेला एक म्हातारा तेवढा उरला. वेंडेलनं पंज्यानं त्याचं मनगट धरलं.

“बसा की आजोबा. अजून दोन लढाया ऱ्हायल्यात.”

“पाय दुखतात रे बाबा,” म्हणत म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला.

बस वळणाआड गेली. पुढची दोन तासांनी. दूर उतारावर बंदुकीचा बार वाजला. वेंडेलनं खुर्ची देवदाराच्या बुंध्याला टेकवली, तोंड रानाकडं केलं आणि समोर चिटपाखरू नसताना सोन्यापासून पुन्हा सुरुवात केली, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.