तिसऱ्या दिवसाची आर्पेनिक

ग्युमरी शहराजवळच्या पठारावरच्या त्या गावात आर्पेनिकच्या हाताला गुण आहे, याबद्दल दुमत नव्हतं. बाकी प्रत्येक गोष्टीबद्दल होतं.

पोर तापानं फणफणलं, पोट धरून गडाबडा लोळायला लागलं, की आई त्याला शालीत गुंडाळून तिच्या दारात आणी. आर्पेनिक त्याच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं मेण ओती. थिजलेल्या मेणात कधी कुत्रा दिसे, कधी सासू. "ह्याला घाबरलंय लेकरू. मेणात मोजली मी त्याची भीती. आता तीन दिवस गार पाणी द्यायचं नाही आणि घरात भांडायचं नाही. तिसऱ्या दिवशी उठेल."

आणि पोर उठे. न चुकता. घरात न भांडण्याचं पथ्य कुणी पाळलं नाही तरी उठे.

बाई अडाणी नव्हती. "पहिल्यांदाच दुखतंय? मग आधी डॉक्टरकडे ने. परत दुखलं की माझ्याकडे ये," असं ती बजावी. डॉक्टर अपेंडिक्स कापत. गावात निम्म्या पोटांवर टाके होते आणि बहुतेक अपेंडिक्स ठणठणीत निघाली होती. एवढं होऊन दुखणं परत आलं, की पेशंट आर्पेनिकचा. अशी चाळीस वर्षं गेली.

मग तिच्याच घरात, सात वर्षांच्या नातीला, न्वार्दला, दर तीन आठवड्यांनी दुखायला लागलं. आर्पेनिक मेण ओतत राहिली. सून गोहार एक दिवस पोरीला बूट घ्यायचेत म्हणून तिला घेऊन राजधानीला, येरेवानला, निघाली. बूट घ्यायला लघवीची बाटली कशाला लागते, हे सासूच्या लक्षात आलं. तीही बसमध्ये चढली.

डॉक्टरीण त्सोविनार तरुण होती. तिनं विचारलं, "किती दिवस टिकतं?"

"तीन," आर्पेनिक म्हणाली. "माझ्या हातानं."

"आणि हात नाही लावला तर?"

"असं कधी झालंच नाही."

"ईस्टरला तुम्ही बहिणीकडे गेला होता, आई," गोहार जमिनीकडे बघत म्हणाली. "तेव्हाही तीनच."

आठ वर्षांत सुनेनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही डॉक्टरसमोर!

महिन्याभरानं रक्ताचा रिपोर्ट आला. आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे वाक्य आर्पेनिकनं बसमध्येच घोटून ठेवलं होतं. त्सोविनारनं कागद पुढे केला. "या आजाराचा एक दोष आईकडून आलाय, एक वडिलांकडून. म्हणजे तुमच्या मुलाकडून. आपल्या लोकांत घरोघरी सापडतो हा. घरात कुणी किडनीनं गेलंय?"

आर्पेनिकचा भाऊ सुरेन चौतिसाव्या वर्षी गेला होता. अंगभर सूज होती. तो तिचा पहिला पेशंट.

"दुखणं आपोआप तीन दिवसांत जातं, आजी," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "पण दर वेळी किडनीत थोडं काहीतरी साचत राहू शकतं. न्वार्दच्या किडन्या अजून चांगल्या आहेत. ही गोळी रोज द्यायची. दुखो न दुखो, जन्मभर. आणि फक्त मी लिहिलीय तेवढीच, जास्त झाली तर विष आहे. शरदात कुरणात ते जांभळं फूल येतं ना, त्यातलंच औषध."

ते फूल आर्पेनिकला चांगलं ठाऊक होतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चाळीस वर्षं ती ते तुडवत पुढे गेली होती, दुसऱ्या औषधी पाल्यासाठी. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग फुलाचा रागही आला.

घरी आल्यावर न्वार्दनं गोळी थुंकली. दुसऱ्या दिवशी थुंकली, तिसऱ्या दिवशी गुपचूप मांजरापुढे टाकली. मांजरानंही हुंगून सोडली. "मला कुठं काय होतंय? दुखलं तर आजी मेण ओतेल की!" बाप ओरडला, आईनं जर्दाळूच्या मुरंब्यात लपवून दिली. पोरीनं मुरंबा चाटला आणि गोळी बाजूला काढली. गोहार सासूकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पाचव्या दिवशी शेजारची ताकुही तापलेली मुलगी कडेवर घेऊन आली. काखेत कोंबडा होता, दक्षिणा म्हणून. चुलीवर मेण वितळत होतं. न्वार्द ऐटीत म्हणाली, "बघ आई, आता आजी हिला बरी करेल."

आर्पेनिकनं भांडं खाली ठेवलं. "न्वार्द जान, माझ्या हातानं आजवर कुणी बरं झालं नाही."

"मेलं काहीतरीच तुमचं!" ताकुही हसली.

"मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?" न्वार्दचा आवाज रडवेला झाला.

"वाट बघत होते, बाळा. तीन दिवस, परत तीन दिवस. माझ्या सुरेनची पण वाटच बघितली मी. औषध पायाखाली होतं."

आजी रडताना न्वार्दनं कधी पाहिली नव्हती. आईच्या तळहातावरची गोळी तिनं उचलली, तोंड वेंगाडलं आणि पाण्याबरोबर गिळली.

"तूही हिला येरेवानला ने, ताकुही," आर्पेनिक डोळे पुसत म्हणाली. "आजच ने. मी पत्ता देते."

ताकुहीनं मान डोलावली. बिचारीच्या हाताचा गुण गेला म्हणून तिला खरोखर वाईट वाटलं. तिनं लेक उचलली, कोंबडा काखेत मारला आणि खालच्या गावातल्या मेणवालीकडे गेली. तिसऱ्या दिवशी मुलगी खडखडीत बरी झाली.