जिजीची बटणं

माऊस हातात धरलेला माणूस दिसला की जिजीच्या चेहऱ्यावर ताटात केस निघाल्यासारखा भाव यायचा. गाण्याच्या कॉम्प्युटरवर बसून माऊस सरकवणाऱ्याला ती ‘इस्त्रीवाला’ म्हणायची. “गाणं करतोय का शर्टाच्या चुण्या काढतोय?” आणि माझा उजवा हात चुकून जरी टेबलाच्या त्या बाजूला सरकला, तरी तिची बागलाणातली अहिराणी बाहेर यायची. “हात कथा चालना?” म्हणजे, हात कुठं निघाला? हा प्रश्न मी चार वर्षं ऐकला. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हात परत आणायचा असतो.

तिचा स्टुडिओ म्हणजे नाशिकच्या सिडकोत पिठाच्या गिरणीच्या डोक्यावरची एक खोली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. गिरणी सुरू असली की माईकपासून खुर्चीपर्यंत सगळं थरथरायचं. म्हणून गिरणीवाल्या अण्णांशी तिचा करार होता, दुपारी एक ते चार गिरणी बंद आणि त्या वेळात आमचं रेकॉर्डिंग. डबे घेऊन ताटकळलेल्या बायका जिन्यातून ओरडायच्या. जिजी वरून ओरडायची, “पीठ काय, संध्याकाळीपण पांढरंच राहील! गाणारी बाई घरी गेली तर मी गाऊ का?” आणि एवढा रुबाब करून गाणी कुठली करायची, तर हळदीची, जयंतीची, आणि रिक्षावर भोंगा लावून गावोगाव फिरवायची कांद्याच्या बियाण्याची जाहिरात. पण कांद्याच्या जाहिरातीतला श्वाससुद्धा ती अशी तासायची, जसा काही तो ऐकून कुणी तिला पालखीत बसवणार होतं.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे. लिहिताना जमत नाही, माफ करा.

मी किनवटची. नववीत इंग्रजीनं मला शाळेतून बाहेर काढलं आणि मावशीनं द्राक्षाच्या पॅकिंगला दिंडोरीकडे आणलं. तिथून एकदा आम्हा चौघींना एका जयंतीच्या गाण्यात कोरसला नेलं. गाऊन झाल्यावर जिजी आमचे आवाज साफ करत बसली होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तिथं एक श्वास राहिला.” जिजीनं खुर्ची फिरवली. “कोण बोललं?” मला वाटलं, आता हाकलते.

“काय काम करतेस?”

“घडातले सडके मणी कात्रीनं काढते.”

“शेजारच्या मण्याला हात लागतो?”

“लागला की त्याची पांढरी झाक जाते. मग सुपरवायझर शिव्या देतो.”

“उद्यापासून इथं ये. शिव्या इथंपण मिळतील.”

नाव विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. मी तिच्यासाठी कायमची ‘किनवट’ झाले. “ए किनवट, चहा ठेव.” “किनवट झोपलं का?” नवरा गेल्यावर त्याचं रेकॉर्डिंगचं मशीन विकायला काढलेली ही बाई, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून स्वतःच मशीनवर बसली होती, हे मला गिरणीवाल्या अण्णांनी सांगितलं. तिनं स्वतः सांगितलेल्या गोष्टीत मात्र सगळं नाशिक तिच्या दारात रांग लावून उभं असायचं.

तिच्या कीबोर्डवर एकही अक्षर दिसत नव्हतं. प्रत्येक बटणावर काळी चिकटपट्टी. “अक्षरं वाचायला शाळेत जा. इथं बोटांनी ओळखायचं.” मला तर देव पावला. ज्या इंग्रजीनं मला घालवलं, तिचं इथं तोंडच दिसत नव्हतं. डाव्या अंगठ्याशेजारी गाणं कापायचं बटण, त्याच्या वर तुकडा जोडायचं, करंगळीखाली जवळून बघायचं, त्याच्या शेजारी आवाज हळूहळू विरवायचं. जिजी पाठीमागे उभी राहून टेबलावर चमचा वाजवायची, मी त्या ठेक्यावर कापायचं. पडद्याकडे बघितलं तर चमचा डोक्यात. सहा महिन्यांत माझा डावा हात असा पळायला लागला की मलाच त्याची भीती वाटावी. जिजीचं कौतुक एवढंच, “बरं शे. आता वाईट तरी दिसत नाही.”

माऊस होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. लासलगावकडचा एक जण भावाच्या लग्नात वाजवायला स्वतःच्या आवाजात गाणं करून घ्यायला आला. आवाज असा, की बैलानं मागं वळून बघावं. दर दोन मिनिटांनी त्याचं सुरू, “मॅडम, ते जरा इकडं घ्या ना. थोडं मागं. नाय, पुढं.” जिजीनं ड्रॉवरमधून माऊस काढून अदबीनं त्याच्या हातात दिला. “तुम्हीच घ्या दादा. तुमचं गाणं, तुमचा हात.” त्यानं जीभ बाहेर काढून पाच मिनिटं माऊस सरकवला. जिजीनं तेच गाणं, तसूभरही न हलवता, परत वाजवलं. “हां! आता बसलं बघा!” तो म्हणाला. “बसलं ना? मग आता उठा,” जिजी म्हणाली. माऊसची वायर टेबलामागे नुसतीच लोंबकळत होती. तो खाली उतरेपर्यंत मी तोंडात ओढणी कोंबून बसले.

आणि अनडू. केलेलं परत घ्यायची जी सोय सगळ्या जगाला असते, ती जिजीनं तिच्या कीबोर्डवरून काढूनच टाकली होती. “चुकलं तर पुन्हा गाऊन घे. मागं घ्यायची सवय लागली की माणूस ऐकत नाही, नुसता दाबतो.” माझ्यासारख्या घाबरटाला ही शिक्षाच. एकदा माझ्या हातून एका म्हातारबांचं अख्खं कडवं उडालं. जिजीनं त्यांना परत उभं केलं आणि सांगितलं, “बाबा, मघाशी तुम्ही चांगलं गायलात, पण अजून चांगलं गाता येईल.” माझ्याकडे तिनं बघितलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि त्यानंतर कडवं उडालं नाही.

मग दिवस फिरले. लोक मोबाईलवरच गाणी करायला लागले. दुपारच्या दुपार आम्ही दोघी गोधड्यांकडे बघत बसायचो, आणि खाली गिरणी उगाच बंद. तिकडून भावाचा फोन. “काय करायलीस तिथं? पक्की नोकरी हाय का? दिवाळीपर्यंत दाखव, नसता मी न्यायला येतो. पाव्हणे बघून ठेवलेत.” भाऊ वाईट नाही. पण तो आला असता तर मी गेले असते, आणि गेले असते तर माझ्या डाव्या हाताला तिथं शेण थापण्यापलीकडे काम नव्हतं.

गंगापूर रोडच्या एका मोठ्या, काचेच्या स्टुडिओत माणूस हवा होता. मी भीत भीत जिजीला सांगितलं. मला वाटलं, चमचा येतो आता डोक्यात. ती शांतपणे म्हणाली, “जा की. काच बघून ये.” ती इतकी शांत कधीच नसायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिथल्या सरांनी एका गाण्यातला खोकला आणि श्वास काढायला सांगितले. मी डोळे मिटले, हात ठेवला आणि कापलं. कापलं गेलंच नाही, आवाज बंद झाला. जोडायला गेले तर अख्खा ट्रॅक गायब. करंगळीनं दुसरंच काहीतरी उघडलं. परत कसं घ्यायचं ते माझ्या बोटांना माहीतच नव्हतं. सरांनी वाकून दोन बटणं दाबली, सगळं जागेवर आलं.

“हे कुठं शिकलात तुम्ही?”

“सिडकोत.”

“कान चांगला आहे. पण ही बटणं तुमच्या बाईंनी स्वतःच बसवलेली दिसतात. आमच्याकडे चौघं एकाच मशीनवर बसतात, तुमच्यापुरती वेगळी नाही ठेवता येणार. सॉफ्टवेअर कंपनीची मूळ बटणं शिकून पंधरा दिवसांनी या.” मग त्यांनी मेनू उघडून दाखवला. प्रत्येक कामाच्या शेजारी त्याचं खरं बटण छापलेलं होतं. चार वर्षांत मी तो मेनू उघडला नव्हता, कारण तो माऊसनं उघडतात.

सिटीबसमध्ये मला एकेक गोष्ट सुचत गेली. माऊसला बंदी. अक्षरांवर पट्टी. बटणं घरची. पॅकिंगमध्ये सुद्धा आम्हाला कुणी इतकं पद्धतशीर कोंडून ठेवलं नव्हतं.

जिजी जिन्याच्या तोंडाशीच बसली होती. “बघितली काच?”

“जिजी, तुमची बटणं जगात कुणाकडे नाहीत.”

“मग? जगाला गरज असंल तर येईल शिकायला.”

“माझी चार वर्षं गेली!”

“गेली काय? खाल्ली का मी?” मग ती गिरणीच्या बाजूला बघत राहिली. “तुझ्याआधी तीन पोरं शिकवली. एक सुरतला, एक पुण्याला, एक तर इथंच, पण वळख देत नाही. शिकतात आन जातात. तिसरा गेला आन मी बटणं बदलली. पट्ट्या लावल्या. नंतर तू आलीस.”

“म्हणजे मी जाऊ नये म्हणून?”

“मग काय तुझा गळा ऐकून ठेवली तुला?” जिजी फणकारली. “तुले काही समजस का? चहा ठेव.”

मी चहा ठेवला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी गेले तर ती रॉकेलचं फडकं घेऊन पट्ट्या खरवडत होती. खालून पुसट अक्षरं निघत होती. सगळी बटणं तिनं कंपनीच्या हुकमाला परत लावली होती, आणि त्यासाठी माऊस जोडावा लागला होता. तो टेबलावर होता, वर फडकं टाकून, मेल्यासारखा. “बस. मीपण बसते. मलाबी आता काही आठवत नाही.”

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. माझी बोटं तरुण, आठवड्यात वळली. जिजीची वळेनात. चमचा आता माझ्या हातात होता, आणि ती कापायला जाऊन अख्खं गाणं पुसायची, मग कंपनीच्या अकलेचा उद्धार करायची. “कापायचं बटण इतकं लांब? यांच्या बायका भाजी शेजारच्या घरात चिरतात का?” अनडू सापडल्यावर मात्र ती पोरीसारखी हरखली. पुसायची, परत आणायची. “हाई बरं शे की गं!” इतकी वर्षं ज्याच्यावर थुंकली, ते बटण तिनं त्या पंधरा दिवसांत झिजवलं. आणि तिचा हात माऊसकडे गेला की मी म्हणायचे, “जिजी, हात कथा चालना?” ती मला अहिराणीतली अशी शिवी द्यायची की इथं लिहिता येणार नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती सोबत आली. आत येईना. “एसीनं गुडघे धरतात,” म्हणाली, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. तोंडाला पावडर लावली होती, जशी काही परीक्षा तिचीच होती.

आता ती नामपूरला भावाकडे असते. फोनवर पहिला प्रश्न असतो, इस्त्रीवाले किती आहेत तिथं. मी सांगते, चार. ती म्हणते, तरी वाटलंच. माझ्या भावाला मी पगाराचा आकडा सांगण्याऐवजी आयकार्डाचा फोटो पाठवला, तो पुन्हा न्यायचं बोलला नाही. मी तिच्यावर चिडायचं ठरवते आणि चिडणं अर्ध्यात सोडून देते, कारण ज्या हातानं चिडून फोन ठेवायचा तो हात तिनंच तयार केलेला आहे.

पण मला ती टपरीवरचीच दिसते. मी रस्ता ओलांडून आले. तिनं कप खाली ठेवला नाही.

“झालं?”

“झालं. एक तारखेपासून या म्हणाले.”

उरलेला चहा तिनं सावकाश संपवला. पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं, त्यात पावडरही गेली.

“चल मग,” ती म्हणाली. “अण्णांना सांगावं लागंल, गिरणी आता दुपारचीपण चालू ठेवा म्हणून.”