आमची रेडिओ डॉक्टर कशी झाली

माझ्या पुतणीला घरात आणि दुकानात सगळे रेडिओ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, आणि त्यात माझी काही चूक झाली असं मला वाटत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं.

तशी आम्ही सगळीच बोलघेवडी. दादाचं आणि माझं केस कापायचं दुकान, आणि या धंद्यात मुखदुर्बळ माणसाचा निभाव लागत नाही. गिऱ्हाईकाच्या तोंडाला एकदा फेस फासला की त्याला बोलता येत नाही. मग प्रश्न आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. काय, मुलगा मजेत ना? मजेतच असणार. दादाची ही सवय दुकान बंद झालं तरी बंद व्हायची नाही. घरात कोणाला काय होतंय हे ज्याचं त्याने सांगायची पद्धतच नव्हती. बाकीचे सांगायचे.

या गोंगाटात आमची थोरली ताई, म्हणजे रेडिओची आत्या, तेवढी अबोल. दुकानाचे टॉवेल धुणं, इस्त्री करणं, घड्या घालणं हे तिचं काम. एकदा ती लंगडायला लागली. गुडघा हा एवढा सुजलेला. दादाने ठरवलं, वात. वहिनी म्हणाली, जिना चढून चढून झालंय. मी म्हटलं, वजन. आम्ही तो गुडघा चोळला, शेकला, बांधला, आणि बरा होत आला की पठ्ठ्या पुन्हा सुजायचा.

शेवटी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शाळकरी रेडिओलाही ताप होता, म्हणून एका खेपेत दोन्ही पेशंट. बाईंनी ताईला काय होतंय म्हणून विचारलं आणि आम्ही तिघं एकदम सुरू झालो. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग रेडिओच्या तोंडात थर्मामीटर खुपसला आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. माझ्या तोंडावर दार लावलेलं मला अजून आवडलेलं नाही.

आतलं सगळं नंतर रेडिओकडून कळलं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि नुसत्या बसून राहिल्या. थर्मामीटरमुळे रेडिओचीही बोलती बंद. बऱ्याच वेळाने ताई बोलायला लागली. गुडघा ठणठणीत आहे म्हणाली. डाव्या डोळ्याने सगळं धुरकट दिसतं, त्यामुळे इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा कळत नाही, आणि येता-जाता त्यावर गुडघा आपटतो.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर ताईला लख्ख दिसायला लागलं आणि आम्ही दुकान किती वाईट झाडतो हे ती बोट दाखवून सांगायला लागली. आधी का बोलली नाहीस, म्हणून दादा तिच्यावर चिडला. तुम्ही गुडघ्याचंच इतकं बोलत होतात, असं ती शांतपणे म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रेडिओने जाहीर केलं की आपण डॉक्टर होणार. का, तर बाबाला खोलीबाहेर काढता येईल असं दुसरं काम नाही. आम्ही पोट धरून हसलो. पण पोरगी हट्टाला पेटली. मोठ्याने वाचून वाचून तिने अर्ध्या इमारतीला शरीरशास्त्र पाठ करायला लावलं, आणि मेडिकलला लागला की नंबर. दादाने ही बातमी फेसातल्या प्रत्येक माणसाला सांगितली.

आणि शेवटच्या वर्षी ती नापास झाली. लेखी परीक्षेत नाही, पेशंटशी बोलायच्या परीक्षेत. झोप लागत नाही ना, नाहीच लागणार, असं तिचं चाललेलं. परीक्षक म्हणाले, आता पेशंट काय म्हणाला तेही सांगा. पेशंटला बिचाऱ्याला फटच मिळाली नव्हती.

ती होस्टेलवरून बॅग घेऊनच घरी आली. पुन्हा बसणार नाही म्हणाली, हे रक्तातच आहे, जायचं नाही. मला राग आला. मग बाबाला बाहेर काढायचं राहिलंच की, असं मी खवचटपणे म्हटलं. ती हसली नाही.

"ते गमतीत होतं, काका. त्या दिवशी आत्या बोलली ना, तेव्हा मला कळलं की तिचा आवाज इतका वेळ मी कधी ऐकलाच नव्हता. एका घरात राहून. मला ते काम करायचं होतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही."

  मला तिचं वाईट वाटलं, आणि ताईचं त्याहून जास्त.

ताईने मात्र तिला समोर बसवलं. रोज दुपारी घड्या घालताना रेडिओने एक प्रश्न विचारायचा आणि ताई बोलेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. ताई मुद्दाम वेळ लावायची. टॉवेलांचा ढीग संपत यायचा, रेडिओ लालबुंद व्हायची. दादाला ते बघवायचं नाही. तो मधेच उत्तर देऊन टाकायचा आणि ताई त्याला दुकानाबाहेर पिटाळायची.

पुन्हा परीक्षा झाली. निकाल लागल्या लागल्या रेडिओचा दुकानात फोन आला, आणि तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. पास झाल्याचं तिने आधी सांगून टाकलं, मग बाकीचं. या वेळी पेशंट वॉर्डातले एक म्हातारे सुतार होते. रक्तदाब उतरत नव्हता, औषध वाढवत वाढवत नेलेलं. गोळ्या वेळेवर घेता ना, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि गोळ्यांचं कसं काय चाललंय, एवढंच विचारलं. म्हातारबुवा खिडकीबाहेर बघत बसले. तीही बसली. घड्याळाकडे बघायचा धीर तिला झाला नाही. शेवटी त्यांनी उशीखाली हात घातला आणि मूठभर गोळ्या बाहेर काढल्या. घशात अडकतात म्हणाले. सून सगळ्यांना सांगते की घेतात, मग मी काय बोलू.

रेडिओ सांगत होती आणि दादा फोन कानाला लावून उभा होता. हं नाही की चूं नाही. मी वाट बघत होतो, आता तोंड घालेल, मग घालेल. पलीकडे रेडिओही घाबरली असावी.

"बाबा, आहेस ना तू?"

"आहे," दादा म्हणाला.  "ऐकतोय मी. बोल."